मुलाचा पहिला घडीचा चाकू : निवडायचा कसा, हातात द्यायचा कसा

खान्देशातल्या शेतकरी घरातलं मूल धारेच्या वस्तूंमध्येच वाढतं. स्वयंपाकघरात विळी, निंदणीला खुरपं, ज्वारीच्या सोंगणीला विळा, रावेर-यावलकडे केळीचा घड उतरवायला कोयता. जळगाव-धुळ्याच्या फ्लॅटमधल्या मुलाला यातलं फारसं काही दिसत नाही, पण मोबाइलवर लाकूड कोरणारी माणसं बघून तेही एक दिवस ‘मला चाकू पाहिजे’ म्हणतंच. दोघांसाठी चाकू घेताना मोठी माणसं चूक मात्र एकच करतात. दुकानात चाकू उघडतात, पात्यावर अंगठा आडवा फिरवून धार बघतात आणि पैसे देऊन मोकळे होतात.

विळी, खुरपं, कोयता यांना मिटायचं नसतं, म्हणून तिथे ही पारख चालून जाते. घडीच्या चाकूचं पातं मात्र मिटताना नेमकं बोटं असतात तिथे येतं. तेव्हा पहिल्या चाकूची मिटणी आधी बघायची, मग मूठ, आणि पातं शेवटी.

मूल तयार आहे का

यासाठी ठरावीक वय नाही. सात-आठ वर्षांच्या आत बहुतेक मुलांच्या बोटांत कमानीचा, म्हणजे पोलादी पट्टीच्या ताणाचा, चाकू उघडण्याइतका जोर नसतो. उलट, दहाव्या वर्षीही जोर आहे पण हात ताब्यात नाही अशी मुलं असतात. वाढदिवस आला म्हणून चाकू देऊ नका. आधी चार गोष्टी बघा.

कपडे वाळत घालायचा स्प्रिंगचा चिमटा अंगठा आणि तर्जनीत धरून दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा पूर्ण उघडता येतो का? पीलरने बटाटा किंवा गिलकं सोलताना धरणारा हात आपोआप पीलरच्या वाटेतून मागे घेतला जातो का? खेळ ऐन रंगात असताना ‘थांब’ म्हटलं तर हात आहे तिथे थांबतो का, की ‘एवढं झालं की’ असं उत्तर येतं? आणि हरल्यावर हातातली वस्तू फेकली जाते का? पहिल्या दोन गोष्टी सरावाने जमतात. तिसरी-चौथी जमत नसेल तर सहा महिने थांबावं. तोवर त्याच्या हाती बोथट टोकाची कात्री आणि पीलर राहू द्या, कामाची ओढ त्यावरही भागते.

मिटणीचे प्रकार

*बिनलॉकचा, कमानीचा.* मुठीच्या पाठीकडे पोलादी पट्टीची कमान असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, त्यामुळे पातं उघडं राहतं आणि पुरेसा जोर दिला की मिटतं. लाल मुठीचे स्विस चाकू बहुतेक याच जातीचे. मिटताना बोट पात्याच्या वाटेत घालावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष असा, की पात्याच्या पाठीवर जोर आला तर तो हातावर मिटतो. टोकाने भोक पाडताना आणि लाकडात अडकलेलं पातं मागेपुढे हलवून काढताना हेच होतं. काही कमानीचे चाकू अर्ध्यावर, काटकोनात, एकदा थांबतात. असा थांबा असलेला मिळाला तर तोच घ्या, कारण त्या थांब्यावर मुलाला बोटं बाजूला घ्यायला सवड मिळते.

*कडीचा.* पात्याच्या बुडाशी फिरणारी पोलादी कडी असते. उघडल्यावर कडी फिरवली की पातं अडतं. फ्रान्सच्या साव्वा भागातली ओपिनेल ही कंपनी १८९० पासून लाकडी मुठीचे चाकू करते. त्यांची ही कडी १९५५ मधली. २००० पासून ती मिटलेलं पातंही अडवते, म्हणजे खिशात किंवा दप्तराच्या कप्प्यात चाकू आपोआप उघडत नाही. मिटताना एका हाताने कडी फिरवायची आणि त्याच हाताने पात्याची पाठ धरून ते बसवायचं. यात बोटं धारेसमोर येतच नाहीत. पहिल्या चाकूसाठी आमची पसंती याला. एकच धोका : कडी फिरवायची राहून गेली तर हा चाकू कमानीच्या चाकूपेक्षाही सहज मिटतो, कारण याला कमान नसते. म्हणून पहिल्या दिवसापासून मुलाच्या तोंडात बसवा, ‘उघड–कडी, कडी–मीट’.

*आतल्या पट्टीचा,* म्हणजे लायनर लॉक. बाजारात आणि ऑनलाइन सर्वांत जास्त दिसतो तो हाच. उघडल्यावर मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्यामागे बसते. मिटताना ती पट्टी अंगठ्याने बाजूला दाबून धरायची आणि त्याच वेळी पातं खाली आणायचं. म्हणजे पातं येतं तेव्हा अंगठा त्याच्याच वाटेवर असतो. मोठ्यांच्या सवयीच्या हाताला ठीक आहे, पण पहिला चाकू म्हणून अजिबात घेऊ नका.

*मागच्या लॉकचा.* मुठीच्या पाठीवर एक खाच असते, ती दाबली की पातं सुटतं. बोटं वाटेत येत नाहीत, लॉकही भक्कम, पण दाबायला जोर लागतो. दहा-अकरा वर्षांच्या धडधाकट हाताला चालतो.

यापलीकडे एक पर्याय आहे, तो लोकांना सुचत नाही. न मिटणारा, म्यानात राहणारा लहान चाकू. जे मिटतच नाही ते बोटावर मिटणार कसं! स्वीडनच्या मोरा गावची मोराकनिव्ह कंपनी मुलांसाठी गोल टोकाचा आणि बोट पुढे घसरू नये म्हणून मुठीला आडवी अडणी असलेला चाकू बनवते. चाकू शेतात, अंगणात, मोठ्यांच्या समोरच वापरायचा असेल आणि खिशात ठेवायचा हट्ट नसेल तर हा घडीच्या चाकूहून बरा. कमरेला म्यान लावून मुलाने गावभर हिंडायचं नाही, एवढं मात्र आधी ठरवून घ्या.

मूठ

मुलाची चार बोटं जुळवून तळहाताची रुंदी दोऱ्याने मोजा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची ती साधारण ६ ते ७ सेंटीमीटर भरते. मूठ त्याहून किमान २ सेंटीमीटर लांब हवी. मुठीत धरल्यावर दोन्ही बाजूंना थोडी बाहेर दिसली पाहिजे. पातं तळहाताच्या रुंदीएवढं किंवा त्याहून थोडं आखूड असावं. ५ ते ७ सेंटीमीटरमध्ये पहिल्या दोन-तीन वर्षांची सगळी कामं होतात.

‘लहान मूल, म्हणून लहानात लहान चाकू’ हा हिशेब फसतो. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायच्या चाकूची अख्खी मूठच ५८ मिलीमीटरची असते. ती चिमटीत धरावी लागते, मुठीत मावत नाही, आणि काडी तासताना चिमटीतला चाकू वळतो. जाडी १२ ते १८ मिलीमीटर बरी. अकरा-पंधरा अवजारांचा जाडजूड चाकू मुलांना फार आवडतो, पण त्याची मूठ लहान हाताला विटेसारखी होते आणि त्यातलं प्रत्येक अवजार उघडताना नख मोडतं.

मुठीचा पृष्ठभाग आपल्याकडे विशेष बघावा लागतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तळहाताला घाम येतो आणि गुळगुळीत चकचकीत स्टीलची मूठ घसरते. साधं लाकूड किंवा किंचित खरखरीत नायलॉन चांगलं. लाकडाची एक खोड आहे : पावसाळ्यात ते फुगतं आणि पातं अडकल्यासारखं जड उघडतं, उन्हाळ्यात सुकलं की सैल होतं. जुलैमध्ये चाकू उघडत नाही म्हणून मुलाने दातांत धरून ओढण्याआधी तो दोन दिवस कोरड्या कपाटात ठेवा.

डावखुरं मूल असेल तर चाकू त्याच्या डाव्या हातात देऊनच बघा. नखाची खाच बहुधा पात्याच्या एकाच अंगाला असते. कडीचा चाकू डावखुऱ्यांना सहसा अडत नाही.

पातं

टोक गोल हवं. पहिल्या वर्षी टोकाचं काम जवळजवळ नसतंच, आणि टोचलेली जखम कापलेल्या जखमेपेक्षा खोल जाते. व्हिक्टोरिनॉक्सचा मुलांसाठीचा ‘माय फर्स्ट’ चाकू गोल टोकाचा आहे. कमानीचा, मूठ ८४ मिलीमीटरची. त्यातच एक करवतीचा प्रकारही मिळतो. ओपिनेलचा ‘माय फर्स्ट’ हा सात नंबरचा, गोल टोकाचा, कडीचा. त्याचं पातं ८ सेंटीमीटर आहे, म्हणजे बारीक चणीच्या आठ वर्षांच्या हाताला किंचित लांबच. नऊ-दहाव्या वर्षी बरोबर बसतो. दोन्हींचं पातं स्टेनलेसचं.

गोल टोकाचा मिळाला नाही तर टोकदार चाकूचं टोक घरी घासून गोल करता येतं. कानशीने पात्याच्या पाठीकडून धारेकडे घासत टोकाचे २-३ मिलीमीटर उतरवायचे. ग्राइंडर लावायचा नाही, पोलाद तापून निळं पडलं की तेवढा भाग मऊ होतो.

धार मात्र पूर्ण हवी. लहान मूल म्हणून बोथट चाकू देणं हा सर्वांत महागात पडणारा लाड आहे. बोथट पातं कापत नाही म्हणून मूल जोर लावतं, पातं लाकडावरून सटकतं आणि त्या सगळ्या जोरासकट दुसऱ्या हातावर येतं. दातेरी धार घेऊ नका. ती ओरबाडते आणि घरी लावता येत नाही.

पोलाद स्टेनलेसच घ्यावं. कार्बन पोलादाला धार छान लागते, पण केळीचा चीक, कैरी, चिंच, लिंबू यांनी ते काही मिनिटांत काळं पडतं आणि पुसायचं राहिलं की गंजतं. मुलाकडून पुसायचं राहणारच. कृषी केंद्रात मिळणारा डोळा भरायचा, कलमाचा चाकू स्वस्त आणि धारदार असतो, म्हणून काही जण तोच मुलाला देतात. त्याची धार फांदीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, सालीसाठी केलेली असते, जाड काडीवर ती तुकड्यांनी उडते. शिवाय तो टोकदार. नको.

दुकानात करायची तपासणी

जळगावचं फुले मार्केट असो, धुळ्याचा पाचकंदील असो, की ऑनलाइन मागवून घरी उघडलेलं खोकं, तपासणी हीच. मुलाला सोबत न्या. मात्र पहिले पाच टप्पे मोठ्या माणसाने करायचे.

१. मिटलेला चाकू उजेडाकडे धरून वरून बघा. पातं दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसलंय का? एका पट्टीला घासत असेल तर धार तिथे दर वेळी मरते.

२. मिटलेल्या चाकूच्या फटीवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर धार किंवा टोक बाहेर डोकावतंय. असा चाकू खिसा आणि मांडी दोन्ही कापेल. बोटाने ही तपासणी करू नका.

३. अर्धवट उघडा आणि सोडा. कमानीचा असेल तर पातं लोंबकळता कामा नये. मिटताना शेवटच्या टप्प्यात ते स्वतःच आत ओढलं जातं, ती ओढ फटकन् बसणारी असेल तर कमान मुलासाठी फार कडक आहे.

४. पूर्ण उघडून पात्याची पाठ चिमटीत धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. केसभर हलणं चालेल, खडखड आवाज चालणार नाही. रिव्हेट सैल असेल तर महिन्याभरात ती आणखी सैल होते. स्क्रू असेल तर तो आवळता येतो, हा स्क्रूचा फायदा.

५. लॉकचा असेल तर लॉक लावा, पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवा, बोटं पूर्णपणे पात्याच्या वाटेबाहेर ठेवा आणि मूठ हळूहळू दाबा. आपटायचं नाही. लॉक सरकला, कुरकुरला, तर परत.

६. आता मुलाच्या हातात द्या. सलग पाच वेळा उघड-मीट करायला सांगा आणि चाकूकडे बघू नका, त्याच्या चेहऱ्याकडे आणि कोपरांकडे बघा. तिसऱ्या-चौथ्या वेळी ओठ दाबले जातात, कोपरं अंगाला चिकटतात, पकड बदलते, तर चाकू कडक आहे. ‘वापरून सैल होईल’ असं दुकानदार म्हणेल. कमान सैल होते ती वर्षा-दोन वर्षांत, आणि तोवरचे दिवस तुमच्या मुलाला काढायचे असतात.

७. शेवटी धार. वर्तमानपत्राचं पान एका हातात सैल धरून वरच्या कडेपासून खाली कापा. न फाडता कापलं गेलं तर धार ठीक. अडखळलं तरी चाकू नाकारायचं कारण नाही, धार घरी लावता येते. मिटणी मात्र घरी दुरुस्त होत नाही.

यात्रेतल्या पालावर शंभर-दीडशेला मिळणारे कवटीच्या, सापाच्या नक्षीचे चाकू पहिल्याच टप्प्यांत गळतात. पोलाद मऊ, लॉकची पट्टी पत्र्यासारखी. खटक्याचा चाकू, पंख्यासारखा दोन मुठींत उघडणारा, बोटाच्या धक्क्याने स्प्रिंगवर उडणारा, एटीएम कार्डासारखा चपटा, हे प्रकार मुलासाठी नाहीतच. पहिल्या चाकूचा रंग भडक असू द्या. लाल, पिवळा. काळ्या मातीत किंवा गवतात पडलेला काळा चाकू सापडत नाही, पण त्यावर पाय मात्र पडतो.

कायद्याचं थोडक्यात

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं परवान्याखाली येतात, घरगुती, शेती वगैरे उपयोगासाठी बनवलेली सोडून. पाच-सात सेंटीमीटरचा घडीचा चाकू त्यात बसत नाही. पण सण, निवडणूक, मोर्चे यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात आदेश निघतात आणि त्यात सार्वजनिक जागी चाकू-सुरे बाळगायलाही बंदी असते. म्हणून सोपा नियम : चाकू घर, शेत आणि सहल इथेच. शाळेत, बाजारात, मिरवणुकीत, यात्रेत नाही. शाळेच्या दप्तरात तर कधीच नाही. विमानाने जायचं असेल तर तो सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नाही.

पहिले आठवडे

पहिला आठवडा काहीच कापायचं नाही. धारेवर कागदी चिकटपट्टी दुहेरी लावा आणि फक्त उघड-मीट, दिवसातून दहा वेळा, बसून. उघडताना नख खाचेत, बाकीची बोटं मुठीच्या अंगांना, फटीवर एकही नाही. मिटताना पात्याची पाठ तळव्याने नव्हे, चिमटीने धरून आणायची. मांडीवर टेकवून मिटायची सवय मुलांना फार लवकर लागते. ती पहिल्याच दिवशी मोडा.

दुसऱ्या आठवड्यात रिंगण. मिटलेला चाकू हातात धरून हात पूर्ण लांब करायचा आणि जागच्या जागी गोल फिरायचं. हात जिथवर पोहोचतो ते त्याचं रिंगण. रिंगणात कोणी आलं, मग ते शेजारचं पोरगं असो की कोंबडी, की पातं मिटलं गेलं पाहिजे. ‘बाजूला हो’ असं ओरडत कापत राहायचं नाही. हा नियम मुलांना इतका आवडतो की ती मोठ्यांनाही लावतात. लावू द्या.

बसायचं कसं ते नीट दाखवा. ओट्यावर किंवा पाटावर बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवायची, कापायचं काम गुडघ्यांच्या पुढे. दोन मांड्यांच्या मध्ये कधीही कापायचं नाही. मांडीच्या आतल्या अंगाने मोठी रक्तवाहिनी जाते आणि ती कापली गेली तर रक्त थांबवायला फार थोडा वेळ मिळतो. हे मुलाला न घाबरवता, पण स्पष्ट शब्दांत सांगावं. पातं नेहमी अंगापासून दूर जाणारं आणि धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे. बारीक काम आलं की जोर चाकूच्या हाताने लावायचाच नाही. काडी धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून त्यानेच पातं पुढे ढकलायचं. असं केलं की पातं अंगठ्याच्या लांबीइतकंच सरकतं, त्यापुढे जाऊ शकत नाही.

चार सवयी तोंडी पाठ होईपर्यंत सांगाव्या लागतात. उठायचं तर आधी मिटायचं. दुसऱ्याला द्यायचा तर मिटून, आणि हातात न देता खाली ठेवून. चाकू पडला तर झेलायचा नाही, पाय मागे घ्यायचे. आणि सावलीत, पोट भरलेलं असताना कापायचं. वैशाखातल्या दुपारी घामेजल्या, कंटाळलेल्या हाताने नव्हे. एका बैठकीला वीस मिनिटं पुरेत. मन उडालं की हात चुकतो.

काडी धरणाऱ्या हाताला न कापणारा विणलेला हातमोजा ऑनलाइन मिळतो. सुरुवातीला घालायला हरकत नाही. चाकूच्या हातात घालू नका, पकड सैल होते. आणि लक्षात ठेवा, हातमोजा कापण्यापासून वाचवतो, टोचण्यापासून नाही.

काय कापायला द्यायचं

पहिलं काम कपडे धुवायच्या साबणाच्या वडीवर. एकसारखी मऊ, तंतू नाहीत, त्यामुळे पातं कुठे अडत नाही आणि सटकत नाही. साबण नवाच घ्या. जुना सुकलेला साबण तडकतो. त्यावर कडा तासणं, गोल करणं, खाच पाडणं एवढं जमलं की स्वयंपाकघरात या. फळीवर केळं, पेरू, मग भरितात घालायची कांद्याची पात. पात कापताना मूल बोटं वळवून मागे घ्यायला आपोआप शिकतं. त्याच भरिताच्या हिरव्या मिरच्या मात्र त्याला कापू देऊ नका, तेच हात डोळ्यांना लागतात.

लाकूड त्यानंतर, आणि ओलं. पांगारा आणि सावर यांचं लाकूड मऊ असतं, मिळालं तर उत्तम. सहज मिळतं ते निंबाचं. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब ओली काडी घेऊन साल काढायची, मग एका टोकाला चौकोन, दुसऱ्याला निमुळतं. शेवग्याची फांदी मऊ पण ठिसूळ, झटकन मोडते. बाभूळ, धावडा, सुकलेली पऱ्हाटी आणि तुराटी ही दोन वर्षं पुढची कामं. सुकी तुराटी तासताना उभी फाटते आणि चाकू एकदम पुढे जातो.

कडब्यातल्या धाटाची बैलगाडी करणं हा जुना उद्योग चांगला आहे. फक्त सांगून ठेवा की धाटाची सोललेली साल चाकूइतकीच कापते. ती बोटाने ओढून काढायची नाही, पात्याने उचलून सोडवायची.

काही झाडांना हात लावायचा नाही, हे चाकू देण्याआधी शेतावर फिरवून दाखवा. कण्हेर आणि पिवळी कण्हेर विषारी आहेत. त्यांच्या काड्यांवर काही भाजून खायचं नाही. रुई आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. मुलांना ही झाडं नेमकी आवडतात, कारण ती मऊ असतात आणि कापली की पांढरा चीक येतो.

निगा

काम झालं की ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसणं हे मुलाचं काम. पुसताना फडकं पाठीकडून धारेकडे. काळी माती बिजागरीत गेली तर पातं करकरतं. प्लॅस्टिक मुठीचा चाकू कोमट पाण्यात धरून आठ-दहा वेळा उघड-मीट करा, झटका, उन्हात उघडा सुकवा. लाकडी मुठीचा पाण्यात बुडवू नका, जुन्या टूथब्रशने माती काढा.

तेल एक थेंब, बिजागरीत. खोबरेल घालू नका : धुळ्या-जळगावच्या थंडीत ते थिजतं आणि चाकू सकाळी उघडत नाही. सरकीचं, शेंगदाण्याचं तेल काही दिवसांनी चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल चालतं. त्याच चाकूने फळं कापायची असतील तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं.

धार मोठ्यांनी लावावी, मुलाने बघावी. दोन बाजूंचा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, घ्या, पाणी लावा, फक्त बारीक बाजू वापरा. पातं दगडावर १५ ते २० अंशांत तिरकं हवं. अंदाज येत नसेल तर एक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवून दगडावर पात्याची पाठ तेवढी उचला. दीड सेंटीमीटर रुंद पात्याला हा कोन साधारण बरोबर येतो. कोन कळला की नाणी काढा. दोन्ही अंगांनी दहा-दहा ओढी, मग पाच-पाच, मग एक-एक, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने. सायकलवर साण घेऊन येणाऱ्या धारवाल्याला घरचे विळे द्या, हा चाकू देऊ नका. फिरत्या चाकावर एवढं पातळ पातं क्षणात तापतं.

कापलं तर

कापणार. बहुतेक वेळा बोट, आणि बहुतेक वेळा थोडं. वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा. मधे उघडून बघायचं नाही. हात छातीच्या वर. मग पट्टी. हळद, कॉफी, टूथपेस्ट, माती काही भरू नका. नंतर टाका घालायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी तेच काढत बसावं लागतं. पंधरा मिनिटांनंतरही रक्त थांबत नसेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, बोट वळत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर दवाखाना. उसळत रक्त येत असेल तर दाबून धरूनच १०८. धनुर्वाताच्या लसी, म्हणजे पाच-सहा वर्षांचा डोस आणि दहाव्या वर्षाचा टीडी, झाल्यात का ते चाकू घ्यायच्या आधीच लसीकरणाच्या कार्डावर बघून ठेवा.

पट्टी बांधून झाली की रागवायच्या आधी जखम कुठे आहे ते बघा. चाकूच्याच हाताच्या तर्जनीला आतून कापलं असेल तर पातं मिटलं आहे : लॉक, कडी किंवा कमान तपासा, आणि मुलाने पातं लाकडात अडकवून हलवलं का ते विचारा. धरणाऱ्या हाताच्या अंगठ्याला किंवा तर्जनीला लागलं असेल तर हात पात्याच्या पुढे होता, किंवा धार गेली आहे. वर्तमानपत्राचं पान कापून लगेच कळेल. मांडीला किंवा गुडघ्याला ओरखडा असेल तर बसणं चुकलं आहे. दोन आठवडे पुन्हा साबणाच्या वडीवर, पाटावर, कोपरं गुडघ्यांवर. आणि चाकू मिटलेला असताना खिशातच लागलं असेल तर दुकानातल्या तपासणीचा दुसरा टप्पा राहून गेला आहे. तो चाकू बदला.